इथेनॉलचा चोथा दुभत्या गाईच्या खुराकात: पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

मक्याच्या दाण्यात साधारण दोन तृतीयांश स्टार्च असतो आणि इथेनॉल कारखान्याला तेवढाच हवा असतो. दाणा दळायचा, पाण्यात कालवून शिजवायचा, विकरं घालून स्टार्चची साखर करायची, यीस्टने ती आंबवायची आणि तयार झालेलं अल्कोहोल उडवून घ्यायचं. तळाला राहतं त्यात दाण्यातली प्रथिनं असतात, तेल असतं, कोंड्याचा तंतू असतो, क्षार असतात आणि काम संपवून मेलेलं यीस्टही असतं. १०० किलो मक्यातून ढोबळमानाने ४० लिटर इथेनॉल आणि ३० किलोच्या आसपास सुका चोथा निघतो. बाकीचं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं.

दाण्यातला दोन तृतीयांश भाग निघून गेला, म्हणजे मागे राहिलेलं सगळं जवळपास तिप्पट घट्ट झालं. मक्यात ८-९ टक्के प्रथिन असतं, चोथ्यात ते २८ ते ३० टक्क्यांवर जातं. स्फुरद ०.३ टक्क्यांवरून ०.८-०.९ वर. इथवर सगळे खूश असतात. पण दाण्याला बुरशी लागलेली असेल तर तिचं विषही तिप्पट होतं, आणि विक्रेत्याच्या पत्रकात हे सहसा नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तिपटीच्या हिशेबातून निघतात. तो डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

पायरी १: घेताय ते नेमकं काय, हे विचारा

'इथेनॉलचं खाद्य' या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. अल्कोहोल उडवल्यावर राहिलेला रबरबीत लगदा वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून (सेंट्रिफ्यूज) काढला की एकीकडे जाडसर ओला चोथा पडतो आणि दुसरीकडे पातळ पाणी. ते पाणी आटवून काकवीसारखा पाक करतात आणि बहुतेक वेळा पुन्हा चोथ्यावर ओततात. हे मिश्रण वाळवलं की झालं डीडीजीएस. त्यातल्या शेवटच्या 'एस'चा अर्थ पाक घातलेला. पाक न घालता वाळवलं तर नुसतं डीडीजी.

ओला माल घेतलात तर त्यात कोरडा भाग ३० ते ३५ टक्केच असतो, बाकी पाणी. अर्धवट वाळवलेल्या मालात कोरडा भाग पन्नाशीच्या आसपास. पूर्ण सुक्यात ८८ ते ९० टक्के.

दुसरा प्रश्न: धान्य कोणतं? मक्याच्या चोथ्यात ३० टक्क्यांच्या आत-बाहेर प्रथिन असतं, ज्वारीचाही तसाच. गव्हाच्या चोथ्यात ३५ टक्क्यांच्या वर जातं आणि तेल कमी असतं. तांदळाच्या चोथ्यात तर ४० ते ४५ टक्के प्रथिन मिळतं. त्यामुळे मक्याच्या चोथ्याचं माप तांदळाच्या चोथ्याला लावलं तर दीडपट प्रथिन पोटात जाईल. या लेखातले आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, मक्याच्या सुक्या चोथ्याचे आहेत.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: तेल काढलेलं आहे का? बरेच कारखाने त्या पातळ पाण्यातून मक्याचं तेल वेगळं काढून विकतात. न काढलेल्या चोथ्यात १० ते १२ टक्के तेल असतं, काढलेल्यात ५ ते ९. हा फरक पुढे दुधाच्या फॅटशी येऊन भिडणार आहे.

बिअरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा वेगळा. स्टार्च कारखान्यातलं मका ग्लूटेनही वेगळं. रंग पिवळसर म्हणून त्यांना एकच समजू नका. आणि मळीपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यात धान्यच नसतं, त्यामुळे तिथे हा चोथा निघत नाही.

पायरी २: खेप उतरवण्याआधी तपासा

मूठभर माल तळहातावर घ्या. चांगला सुका डीडीजीएस सोनेरी पिवळा ते फिकट तपकिरी असतो आणि त्याला आंबवलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. गडद कॉफीसारखा रंग आणि जळक्या साखरेचा वास आला तर वाळवण्याच्या भट्टीत तो जास्त तापला असं समजा. जास्त उष्णतेने साखर आणि प्रथिन एकमेकांना चिकटून बसतात. कागदावर प्रथिन ३० टक्केच दिसतं, पण त्यातला काही वाटा गाईच्या आतड्यातून तसाच शेणात जातो. पहिला घाव लायसिन या अमिनो आम्लावर पडतो, आणि या मालात ते मुळातच कमी असतं.

रंगावर सगळा भरवसा ठेवू नका मात्र. पाक जास्त घातला तरी चोथा गडद दिसतो. म्हणून रंग आणि वास दोन्ही मिळून ठरवा, आणि शंका आली तर प्रयोगशाळेत अडकलेलं प्रथिन, म्हणजे 'एडीआयसीपी', मोजून घ्या. हा आकडा जितका मोठा तितका माल जास्त भाजलेला.

गुठळ्या फोडून पाहा. आत हिरवट-काळसर बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर पोतं परत. पण बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही, असं होत नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष शेतातल्या किंवा गोदामातल्या दाण्यावरच तयार झालेलं असतं. कारखान्यात बुरशी मरते, पण ते विष शिजवून, आंबवून किंवा उडवून नष्ट होत नाही.

दुभत्या गाईच्या बाबतीत हा प्रश्न फक्त तिच्या तब्येतीचा राहत नाही. खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन बी१ यकृतात एम१ मध्ये बदलतं आणि दुधात उतरतं. उतरण्याचं प्रमाण बहुतेक गाईंत १ ते २ टक्के, जास्त दूध देणाऱ्या गाईंत ५-६ टक्क्यांपर्यंत. समजा, चोथ्यात किलोमागे ६० मायक्रोग्रॅम विष आहे आणि गाय २ किलो खाते. रोज १२० मायक्रोग्रॅम पोटात गेलं. त्यातलं २ टक्के, म्हणजे २.४ मायक्रोग्रॅम, १५ लिटर दुधात उतरलं, तर लिटरमागे ०.१६ झालं. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा ०.५ आहे, युरोपीय संघाची ०.०५. एका मर्यादेत दूध बसलं, दुसरीत तिपटीने नापास. आणि त्याच १५ लिटरमध्ये ५ टक्के विष उतरलं तर ०.४, म्हणजे पहिली मर्यादाही जवळ आली. समाधान एवढंच की दूषित खाद्य बंद केल्यावर दूध साधारण ३-४ दिवसांत स्वच्छ होतं.

म्हणून पहिल्या खेपेचा अहवाल मागा. त्यात ओलावा, प्रथिन, तेल, तंतू (एनडीएफ), स्फुरद, गंधक, अफ्लाटॉक्सिन बी१ हवंच. शक्य असेल तर युरियाही तपासून घ्या. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नत्र मोजते आणि ६.२५ ने गुणते. कुणी चिमूटभर युरिया मिसळला की नत्र वाढतो आणि 'प्रथिन' फुगतं. प्रथिन जास्त असलेल्या चोथ्याला जास्त भाव मिळतो, तिथे हा मोह जास्त असतो. विक्रेत्याने दाखवलेला अहवाल जुना असेल तर तो त्या खेपेचा होता, तुमच्या नाही. आंबवण्याच्या टाकीत नको असलेले जिवाणू वाढू नयेत म्हणून काही कारखाने प्रतिजैविकं घालतात. तेही विचारून ठेवा.

नमुना एका पोत्याच्या तोंडातून घेऊ नका. आठ-दहा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडा-थोडा काढा, एकत्र मिसळा आणि त्यातला अर्धा किलो पाठवा. उरलेला अर्धा किलो तारीख घालून घट्ट बंद डब्यात स्वतःकडे ठेवा. दीड महिन्याने वाद झाला तर तोच डबा कामाला येतो.

पायरी ३: स्वस्त आहे का, हे दोनदा मोजा

ओला चोथा भलताच स्वस्त वाटतो, कारण आपण पाणी विकत घेतोय हे डोळ्यांना दिसत नाही. सुक्यात ८९ टक्के कोरडा भाग आणि ओल्यात ३३ टक्के धरला, तर सुक्याचा दर १०० असताना ओल्याचा दर ३७ च्या खाली असेल तरच तो खरा स्वस्त. त्यात वाहतूक आणि सडून फेकून द्यावा लागणारा माल मिळवा. कारखाना जवळ असेल आणि गोठा मोठा असेल तर ओला परवडतो. चार-सहा गाई असणाऱ्याने सुकाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्याचा ढीग संपायच्या आत तो नासतो.

दुसरा हिशेब पेंडीशी. इथे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. चोथ्याचा दर १०० आणि त्यात (ओलाव्यासकट) २७ टक्के प्रथिन. सोयाबीन पेंडीचा दर १६० आणि प्रथिन ४६ टक्के. प्रथिनाच्या किलोवर भागलं तर पेंड थोडी स्वस्त निघते, आणि माणूस चोथा नको म्हणतो. पण चोथ्यात तेल आणि पचणारा तंतूही आहे, म्हणजे तो मक्याचंही काम करतो. म्हणून १ किलो चोथ्याची तुलना अर्धा किलो सोयाबीन पेंड आणि अर्धा किलो मका यांच्याशी करा. प्रथिन दोन्हीकडे जवळजवळ सारखं पडतं. मक्याचा दर ७५ धरला तर त्या जोडीची किंमत (१६० + ७५) ÷ २ = ११७.५ होते, चोथ्याची १००. म्हणजे चोथा घेण्यात फायदा आहे. आकडे तुमच्या बाजारातले घाला, रीत हीच ठेवा.

पायरी ४: किती घालायचं

दुभत्या गाईच्या एकूण कोरड्या आहारात २० टक्क्यांपर्यंत चोथा चालतो, हे अनेक वर्षांच्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. नवख्याने १० टक्क्यांवर थांबावं. २० ही बाकी सगळं नीट असताना गाठायची हद्द आहे. पहिल्याच महिन्यात तिथवर पोहोचायची गरज नसते.

४५० किलो वजनाची, १५ लिटर दूध देणारी गाय दिवसाला वैरण-आंबोण मिळून साधारण १४ किलो कोरडा पदार्थ खाते. त्याचे १० टक्के म्हणजे १.४ किलो कोरडा चोथा. सुक्या मालात थोडा ओलावा असतोच, म्हणून तराजूवर १.६ किलो. २० टक्के म्हणजे तराजूवर ३.१ किलो. तोच १० टक्क्यांचा हिशेब ओल्या चोथ्यात केला तर ४ किलोच्या थोडा वर जातो. तांदळाचा चोथा असेल तर १.६ च्या जागी १.१ किलो पुरे.

ओल्या चोथ्याबरोबर मूरघासही भरपूर असेल तर आहारात पाणीच फार होतं आणि गाय कमी खाते. तिथे २० टक्क्यांचा हट्ट धरू नका.

पायरी ५: चोथा आला, मग कमी काय करायचं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक: जुना खुराक तसाच ठेवून वरून चोथा घालायचा. खर्च वाढतो, जादा नत्र मूत्रातून जातो आणि दूध होतं तेवढंच राहतं. दुसरी चूक याच्या उलट: चोथा आला म्हणून पेंड पूर्ण बंद करायची.

१.६ किलो चोथा घालताना ८०० ग्रॅम सोयाबीन पेंड आणि ८०० ग्रॅम मका भरडा कमी करा. दोन्हीकडे प्रथिन सुमारे ४३० ग्रॅम. पण प्रथिनाचा आकडा सारखा आला म्हणून प्रथिन सारखं झालं असं नाही. पेंड आणि मका मिळून सुमारे २५ ग्रॅम लायसिन देत होते. चोथ्यातून ते साधारण निम्मंच येतं. मक्याच्या प्रथिनात लायसिन कमीच असतं आणि तिप्पट केल्याने ती उणीव भरत नाही. आता विचार करा, वैरण मक्याचा मूरघास, भरडा मक्याचा आणि चोथाही मक्याचा. तिन्हीकडे तीच उणीव. अशा गोठ्यात थोडीतरी सोयाबीन पेंड कायम राहिली पाहिजे, आणि २५-३० लिटरच्या गाईंत तर नक्कीच. वैरणीत लसूणघास किंवा दुसरा द्विदल चारा असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो.

चोथ्यातल्या प्रथिनाचा निम्म्याहून जास्त भाग कोठीपोटात न फुटता पुढे आतड्यात जातो. हेच ते 'बायपास प्रथिन', आणि जास्त दुधाच्या गाईला ते हवंच असतं. पण कोठीपोटातल्या जिवाणूंनाही नत्र लागतो. वैरण नुसती कोरडी, काडाची असेल आणि प्रथिन सगळं बायपास असेल तर जिवाणू उपाशी राहतात, काडी नीट पचत नाही आणि शेण कोरडं, लांबट धाग्यांचं पडतं. अशा वेळी हिरवी वैरण किंवा लवकर फुटणाऱ्या प्रथिनाची पेंड सोबत ठेवा.

मक्याचा भरडा कमी होण्याचा एक फायदा आहे आणि तो कमी लेखू नका. भरड्यातला स्टार्च कोठीपोटात झपाट्याने आंबतो आणि आम्लता वाढवतो. चोथ्यात स्टार्च नावाला राहिलेला असतो, ऊर्जा तेल आणि सावकाश पचणाऱ्या तंतूतून येते. जास्त भरडा खाऊन सारखी पातळ हगणारी, रवंथ विसरलेली गाय या बदलानंतर बऱ्याचदा सावरते.

पायरी ६: वैरणीला हात लावू नका

अहवालात चोथ्याचा तंतू ३० ते ३८ टक्के दिसतो. तो पाहून 'चला, आता वैरण थोडी कमी केली तरी चालेल' असं मनात येतं. येऊ देऊ नका. हा तंतू पिठासारखा बारीक असतो. तो पचतो, पण कोठीपोटाला टोचत नाही. रवंथ होते ती लांब काडीमुळे. रवंथ झाली की लाळ येते, लाळेतल्या सोड्याने आम्लता शमते आणि फॅट टिकते. चोथा कमी करा, भरडा कमी करा, पण वैरण कमी करू नका. आहारातला वैरणीचा तंतू कोरड्या पदार्थाच्या २० टक्क्यांच्या वर राहिला पाहिजे. कुट्टीही फार बारीक नको.

फॅट पडण्याचं दुसरं कारण तेल. मक्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. कोठीपोटातले जिवाणू त्याचं रूप बदलत असतात. आम्लता वाढलेली असेल तर हे काम वेगळ्या वाटेने होतं आणि मधल्या टप्प्यावर काही स्निग्धाम्लं तयार होतात. ती कासेपर्यंत पोहोचली की तिथे फॅट बनणं मंदावतं. दूध तेवढंच किंवा थोडं जास्तही मिळतं, डेअरीतली फॅट मात्र घसरते. गाय धडधाकट दिसते, म्हणून कारण शोधताना माणूस गोंधळतो.

म्हणून एकूण तेल मोजा. २० टक्के चोथा, त्यात १० टक्के तेल: २ टक्के झाले. सोबत १० टक्के आख्खी सरकी, तिच्यात १९ टक्के तेल: जवळपास आणखी २. उरलेल्या ७० टक्के आहारात ३ टक्के तेल: २.१. बेरीज ६. आहारातलं तेल ६-७ टक्क्यांच्या पुढे नको, म्हणजे आपण उंबरठ्यावर आलो. त्यावर कुणी बायपास फॅट (कोठीपोटात न फुटणारी तयार चरबी) घातली तर ओलांडलाच. चोथा वाढवताना सरकी किंवा वरून दिलेली फॅट यातलं एक काहीतरी कमी करावंच लागतं. तेल काढलेला चोथा मिळत असेल तर दुभत्या गाईसाठी तो उलट बरा, हे म्हणूनच.

पायरी ७: क्षार आणि गंधक

१.६ किलो चोथ्यातून साधारण १२ ग्रॅम स्फुरद येतो, कॅल्शियम मात्र एक-दीड ग्रॅम. तेव्हा स्फुरद जास्त असलेलं क्षार मिश्रण घेणं म्हणजे पैसे शेणात टाकणं. त्याऐवजी कॅल्शियमसाठी चुनखडीची पावडर वाढवा. किती, ते तुमच्या वैरणीवर ठरतं आणि पशुआहार जाणणाऱ्या माणसाकडून एकदा मोजून घेतलेलं बरं. शेणातून जाणारा जादा स्फुरद शेतात साठतो. वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात शेणखत पडत असेल तर तोही हिशेबात धरा.

गंधकाकडे मात्र जरा थांबून बघू. कारखान्यात आंबवण्याची आम्लता जुळवायला आणि नळ्या-टाक्या धुवायला गंधकाम्ल वापरतात. त्यामुळे चोथ्यातला गंधक ०.४ पासून १ टक्क्यापर्यंत कुठेही असू शकतो, एकाच कारखान्याच्या दोन खेपांतही. आहारात एकूण गंधक ०.४ टक्क्यांच्या पुढे नको. ०.८ टक्के गंधकाचा चोथा २० टक्के घातला तर त्यातून ०.१६ आले, बाकी आहारातून ०.२. झाले ०.३६. जमलं, असं वाटतं. पण विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कुणी मोजलं का? पाण्यात लिटरमागे १००० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर त्यातला एक तृतीयांश गंधक असतो. गाय ६० लिटर पाणी प्यायली की २० ग्रॅम गंधक पोटात, म्हणजे १४ किलो आहाराच्या मानाने आणखी ०.१४ टक्के. बेरीज ०.५०.

जादा गंधकाचा कोठीपोटात कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो. तो नाकावाटे आत ओढला गेला की मेंदूला इजा करतो. जनावर आंधळ्यासारखं चालतं, डोकं भिंतीला टेकवून उभं राहतं, थरथरतं, आडवं पडतं. अशी लक्षणं दिसली तर चोथा तिथल्या तिथे बंद करून पशुवैद्यकाला बोलवा, संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका. इतकं टोक गाठलं नाही तरी जादा गंधक तांब्याचं शोषण अडवतो. केस भुरकट पडणं आणि गाय वेळेवर माजावर न येणं, यामागे कधी कधी हे असतं. पाण्याची चव खारट-तुरट असेल तर चोथा सुरू करण्याआधी पाणी तपासा.

पायरी ८: साठवण

सुका चोथा: ओलावा १२ टक्क्यांच्या आत, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, छत गळत नाही याची खात्री. जुनी पोती आधी संपवा. हा माल दाबाने घट्ट बसतो. उंच थप्पीतल्या खालच्या पोत्यांत दगडासारखे गठ्ठे मिळाले तर लगेच बुरशी समजू नका, फोडून वास घ्या.

ओला चोथा: उष्ण हवेत ३-४ दिवस, थंडीत आठवडाभर. आंबटपणामुळे तो लगेच सडत नाही, पण वरचा थर हवेने खराब होतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर हवाबंद करा. एक सोय आहे: त्याचा सामू आधीच ४ च्या आसपास असतो, त्यामुळे मूरघासासारखं आंबवण्याची वाट पाहावी लागत नाही, फक्त हवा रोखायची. पिशवीत नुसता भरता येतो. खड्ड्यात भरताना मात्र तो चिखलासारखा पसरतो, दाबता येत नाही, म्हणून १०० किलोमागे १५ किलोच्या आसपास कोरडी कुट्टी मिसळून दाबा आणि प्लास्टिकने झाका. गाई पुढे ती कुट्टीही आवडीने खातात.

पायरी ९: पहिले तीन आठवडे

सुरू करण्याआधी तीन दिवस प्रत्येक गाईचं दूध आणि फॅट लिहून ठेवा. हे न करता सुरू केलं तर नंतर सगळा अंदाजाचा खेळ होतो.

पहिले ४ दिवस ४०० ग्रॅम, पुढचे ४ दिवस ८००, पुढचे ४ दिवस १२००, आणि तेराव्या दिवसापासून १.६ किलो. दोन्ही वेळच्या आंबोणात विभागून. दर टप्प्याला पेंड आणि भरडा त्याच मापात कमी करत जा. या दिवसांत दुसरा कुठलाही बदल नको. नवी वैरण, नवं क्षार मिश्रण, सगळं नंतर. सुका चोथा धुरळ्यासारखा असेल तर थोडं पाणी शिंपडून वैरणीत मिसळा, म्हणजे गाय नाकाने बाजूला सारत नाही. भिजवलेलं मात्र त्याच वेळेला संपलं पाहिजे.

रोज तीन गोष्टी पाहा: गव्हाणीत काय उरलं, शेण कसं पडलं, आणि आराम करत बसलेल्या गाईंपैकी किती रवंथ करतायत. निम्म्याहून कमी दिसल्या तर वैरण कमी पडतेय. फॅटची घसरण लगेच दिसत नाही, आठवडा-दीड आठवडा जातो. कारण दूर केल्यावर सावरायलाही दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चौथ्या दिवशी फॅट जशीच्या तशी आहे म्हणून माप दुप्पट करू नका, आणि विसाव्या दिवशी पडली म्हणून काल घातलेल्या हिरव्या चाऱ्याला दोष देऊ नका.

तीन आठवड्यांनी दूध-फॅट पहिल्या तीन दिवसांच्या नोंदीशी ताडून पाहा आणि खर्च मांडा. ठीक असेल तर तिथेच राहा किंवा १५ टक्क्यांकडे सावकाश सरका.

कुणाला घालताना जपायचं

रवंथ सुरू न झालेल्या वासरांना देऊ नका. रवंथ करणाऱ्या कालवडींना १० टक्क्यांपर्यंत चांगला, विशेषतः वैरण हलकी असेल तेव्हा. फक्त त्या लठ्ठ होत नाहीत ना, ते बघा. आटवलेल्या गाईला थोडा चालतो, पण व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत बेताने. त्या काळात स्फुरदाचा अतिरेक झाला तर व्यायल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. आजारातून उठलेल्या, कमी खाणाऱ्या गाईवर नवीन खाद्याचा प्रयोग करू नका.

नवी खेप आली की पायरी २ पुन्हा. कारखाना तोच असला तरी त्या महिन्यात आत गेलेलं धान्य वेगळं असतं, पाकाचं प्रमाण वेगळं असतं, भट्टीची आच वेगळी असते. निदान रंग-वास रोज, प्रथिन आणि गंधक दर दोन-तीन खेपांनी, आणि अफ्लाटॉक्सिन पावसाळ्यात काढलेल्या किंवा गोदामात भिजलेल्या धान्याची शंका आली की प्रत्येक वेळी. जुन्या खेपेची चार-पाच पोती शिल्लक असतानाच नवी मागवा, म्हणजे अहवाल येईपर्यंत गाईला जुनी घालता येतात.